वाघमारे सिस्टरचं दुसरं व्हायोलिन

माझ्याजवळ वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. दर दिवाळीच्या साफसफाईला ते फाडून टाकावंसं वाटतं, आणि दर वेळी मी ते परत त्याच फायलीत ठेवतो. 'साहेबांच्या हस्ते पोलंडच्या कलावंतांचा उमरग्यात सत्कार' असा त्याचा मथळा आहे. फोटोत चार परदेशी माणसं आहेत, चौघांच्या डोक्यावर फेटे, हातात नारळ. मधोमध साहेब. एका कडेला मंगल कार्यालयाचे मालक, दुसऱ्या कडेला सूत्रसंचालक, आणि त्याच्या शेजारी अंगावर शाल घेऊन हसणारा मी. बातमीत सोळा माणसांची नावं आहेत. त्या चौघांनी वाजवलं काय, याबद्दल एक अक्षर नाही. आणि ज्या बाईमुळं ती चार माणसं आमच्या गावात गाडीतून उतरली, त्या वाघमारे सिस्टरचं नाव सोळांत नाही, सतरावं म्हणूनही नाही. सिस्टर जाऊन आता वर्ष होत आलं. माझा राग काही जात नाही.

सिस्टर मूळच्या जळकोटच्या. शेवंता वाघमारे हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त त्यांच्या पेन्शनच्या कागदावर होतं. उमरग्यात आमच्या गल्लीत बाळंतपणाचा जुना दवाखाना आहे, तिथं त्या पस्तीस वर्षं मुख्य नर्स होत्या. लग्न केलं नाही. का केलं नाही असं एकदा माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, "सवड कुठं मिळाली?" उंचीनं बुटक्या, बांधा काटक, चालणं भराभर, आणि आवाज इतका हलका की समोरच्याला गप्प बसूनच ऐकावं लागायचं. मला वाटतं ते त्या मुद्दाम करायच्या.

दवाखान्यात मशीन आलं तरी पोटातल्या बाळाचे ठोके त्या आधी लाकडी नळीनं ऐकायच्या. नळीचं एक टोक बाईच्या पोटावर, दुसरं आपल्या कानाला. ऐकण्याआधी पंखा बंद करायच्या, नातेवाइकांना बाहेर काढायच्या, डॉक्टर बोलत असले तर त्यांच्याकडंही नुसतं बघायच्या, की ते गप्प. एकदा एका बड्या घरची सून आली होती. सोबत दहा-बारा माणसं, आणि तिचा दीर खोलीतच फोनवर जोरजोरानं ऊस तोडणीचं बोलत होता. सिस्टरनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला, टॉवेलात गुंडाळला, कापूस वाफवायच्या स्टीलच्या ड्रममध्ये ठेवला आणि झाकण लावलं. पोरगी होऊन, आंघोळ होऊन, कपड्यात गुंडाळली गेली तेव्हा फोन परत मिळाला. दीर लई तापला होता. सिस्टर त्याला म्हणाल्या, "आवाज करतंय माणूस म्हणजे भ्यालेलं असतंय. तुम्ही बसा, पाणी प्या." खरंच भ्याला होता तो. मुकाट पाणी प्याला.

आणि हा दंडक काही परक्यांसाठीच नव्हता. एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा सख्खा भाचा डीजेच्या गाडीवर उभा होता. गाडी दवाखान्यासमोर आली, भिंती हादरायला लागल्या. सिस्टर बाहेर आल्या आणि काही न बोलता गाडीच्या पुढं रस्त्यावर मांडी घालून बसल्या. पोरं म्हणाली, मावशी दोनच मिनिटं. त्या हलल्या नाहीत. शेवटी डीजे बंद झाला आणि मिरवणूक दवाखान्यावरून गुपचूप गेली. चौकात गेल्यावर पुन्हा सुरू झाली, त्याला त्यांची हरकत नव्हती. संध्याकाळी त्याच भाच्याला पुरणपोळी वाढताना मी त्यांना पाहिलंय.

आता व्हायोलिनचं सांगतो, कारण सगळं त्यावरूनच घडलं.

सिस्टर नर्सिंग शिकल्या दक्षिणेकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात. तिथली मेट्रन पोलंडची होती. महायुद्धात त्या देशाची बायकापोरं कोल्हापूरजवळच्या छावणीत आणून ठेवली होती, त्यांतली ही एक. लढाई संपल्यावर बाकीचे कुठं कुठं गेले. हिचं माघारी कुणी उरलंच नव्हतं, ती इथंच राहिली, नर्स झाली, मेट्रन झाली. तिच्याकडं एक व्हायोलिन होतं. जळकोटच्या या मुलीचा कान तिनं हेरला आणि ड्यूटी संपल्यावर तिला वाजवायला शिकवलं. शिकवलं म्हणजे एकच चीज शिकवली. मेट्रनच्या लहानपणी तिच्या घरात चौघं मिळून ती वाजवायचे. थोरला भाऊ पहिलं व्हायोलिन, ही दुसरं, मधला भाऊ व्हिओला, म्हणजे जरा मोठं, जाड आवाजाचं व्हायोलिन, आणि बाप चेलो. चेलो म्हणजे पायांत धरून वाजवायचं मोठं, खर्जातलं व्हायोलिन. घर गेलं, माणसं गेली. हिच्या बोटांत राहिलं ते फक्त दुसरं व्हायोलिन. तेवढंच तिनं आठवून कागदावर उतरवलं, तेवढंच सिस्टरना दिलं. मरताना व्हायोलिनही दिलं.

तर सिस्टर रोज सकाळी दहाला, ड्यूटी रात्रीची असली तर दुपारी चारला, ते दुसरं व्हायोलिन वाजवायच्या. दुसरं व्हायोलिन म्हणजे साथीचं. त्यात चाल अशी नाही. ट्यँ ट्यँ, मग एक लांब सूर, मग पुन्हा ट्यँ ट्यँ. गल्लीतले लोक म्हणायचे, सिस्टर चाळीस वर्षांपासून व्हायोलिन सुरात लावतायत, अजून लागलं नाही. मीही हसलोय त्यात, खोटं कशाला बोलू.

वाजवता वाजवता मध्येच त्या थांबायच्या. गज मांडीवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या, आणि ओठ हलायला लागायचे. चांगली दोन मिनिटं हे चालायचं. मग गज उचलून पुढं सुरू. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी तो पिवळा पडलेला कागद दाखवला. मधोमध एक जाड आडवी रेघ आणि तिच्यावर चोवीसचा आकडा.

"तालाची ही चोवीस घरं रिकामी हायेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्यासाठी रिकामी. बाकीचे तिघं वाजवत असत्यात. मी नुसतं मोजायचं."

मग तिथं बाकीचे काय वाजवतात, असं मी विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मेट्रनला विचारलं होतं, पुन्हा पुन्हा विचारलं होतं. मेट्रन इतकंच म्हणायची की तिथं माझा बाप वाजवायचा. गुणगुणून दाखवा म्हटलं की तिचा चेहरा बदलायचा आणि ती वॉर्डात निघून जायची. कागदावर चिजेचं नाव नव्हतं, लिहिणाऱ्याचं नव्हतं. आता मोबाइलवर जगातलं सगळं मिळतं म्हणतात. मी आणि माझ्या मुलीनं महिनाभर शोधलं, पण नावच नाही तर शोधणार काय?

त्या बाईनं पन्नास वर्षं रोज दोन मिनिटं एका अनोळखी माणसाच्या वाजवण्याची वाट बघितली. माझ्या ओळखीत एवढं ऐकणारं दुसरं माणूस नाही.

तीन वर्षांपूर्वी सिस्टर वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडं आल्या. पोलंडचे चार वादक पुण्यात आणि हैदराबादेत कार्यक्रम करणार होते. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. जुन्या काळच्या आणि आजच्या, दोन्ही तऱ्हेच्या पोलिश रचना. "पुण्याहून हैदराबाद म्हणजे आपल्या दारावरूनच जाणार," त्या म्हणाल्या. मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो, म्हणून पत्र मी लिहायचं. मेट्रनची हकीकत लिहिली, कागदाचा फोटो जोडला, पुण्याच्या आयोजकांना पाठवलं. मला वाटलं नव्हतं, पण दहाव्या दिवशी उत्तर आलं. चेलो वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं कागद ओळखला होता. दीडशे वर्षांपूर्वीचा एक संगीतकार, ज्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. त्याच्या रचना आता त्याच्या देशातही कुणी वाजवत नाही, कुणी ध्वनिमुद्रितही केलेल्या नाहीत. पण चौघांचे कागद एका ग्रंथालयात सापडले होते. ते बसवून आणतील, उमरग्यात दीड तास थांबतील, आणि त्याच संध्याकाळी हैदराबादला निघतील.

सिस्टरनी ते उत्तर माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग त्यांनी एकच अट घातली. पाचला दार बंद करायचं, आणि संपेपर्यंत कुणालाही आत घ्यायचं नाही. "कुणालाबी म्हणजे कुणालाबी," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, सिस्टर, दारावर मी स्वतः उभा राहतो, माझा शब्द.

माझा शब्द. आमच्याकडं शब्द द्यायला काही लागत नाही.

मंगल कार्यालयाच्या मालकांनी जागा दिली, पण कार्डावर अध्यक्ष म्हणून साहेबांचं नाव पाहिजे म्हणाले. मी घातलं. साहेबांचं नाव घालायचं आणि साहेबांनी यायचं नाही, ही पण एक रीत आहे, मला वाटलं तसंच होईल. सूत्रसंचालनाला माझाच जुना विद्यार्थी बालाजी, कारण उमरग्यात त्याच्याशिवाय बारसंसुद्धा होत नाही. त्याला मी बजावलं की सुरुवातीला दोन वाक्यं बोल आणि माइक बंद कर. तो 'व्हय सर' म्हणाला. तो नेहमीच व्हय सर म्हणतो.

पाच वाजता दीडशे माणसं होती. सिस्टर पहिल्या रांगेत, पांढरं इस्त्रीचं लुगडं, मांडीवर तो कागद. साहेब आलेले नव्हते. मालक म्हणाले थोडं थांबू. सिस्टरनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि मी दार लावून कडी घातली.

आधी त्यांनी आजच्या काळातली एक रचना वाजवली. ती आमच्या कानाला अगदी परकी होती. गजाच्या पाठीनं तारांवर टकटक, मग एकदम कर्र, मग काहीच नाही. मागं पोरं खिदळली. पण सिस्टरचा जळकोटचा थोरला भाऊ, ऐंशीचा शेतकरी माणूस, माझ्याजवळ वाकून म्हणाला, "रानात वारं सुटलं की तारंचं कुंपण असंच वाजतंय." हळूहळू खिदळणं थांबलं. आमची माणसं ऐकू शकतात हो. दहा मिनिटं त्यांच्या कानाला मोकळीक दिली, तर ऐकतात. हाच माझा सगळा संताप आहे.

मग सिस्टरची चीज. ते ट्यँ ट्यँ सुरू झालं, आणि त्याच्यावरून पहिलं व्हायोलिन निघालं, खालून व्हिओला आला, आणि ज्याला आम्ही इतकी वर्षं हसलो ते काय होतं हे एका झटक्यात कळलं. ते नसतं तर वरचं सगळं खाली पडलं असतं. मला लाज वाटली. पुढच्या रांगेत सिस्टरची बोटं मांडीवर हलत होती. दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीनं शेवटचा सूर सोडला आणि गज खाली घेतला. चोवीस घरं सुरू झाली. चेलोवरच्या म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि पहिला सूर लावला, अगदी खालचा, अगदी हळू.

तेव्हाच बाहेर सायरन वाजला. गाड्यांची दारं धडाधड लागली. दारावर थाप पडली. मालक धावत आले, सर, उघडा, साहेब आलेत. माझा हात कडीवर होता. मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, मी काय अडाणी माणूस आहे का? दोन मिनिटं. साहेबांना दोन मिनिटं व्हरांड्यात उभं केलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? मालक पुन्हा म्हणाले, उघडा. आणि मी कडी काढली.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं. पंचवीस माणसं आत घुसली. अर्धा हॉल उभा राहिला. बालाजीनं माइक घेतला आणि 'ज्यांच्या आगमनाची आपण चातकासारखी वाट पाहत होतो' असं सुरू केलं. चेलोवाला अजून वाजवत होता. त्याचा हात हलताना दिसत होता, ऐकू काही येत नव्हतं. मग तोही थांबला. नंतर मी बालाजीला झाडलं तेव्हा तो म्हणाला, "पण सर, त्यातली एक तर रिकामीच बसली होती. मला वाटलं संपलं."

हार झाले. शाली झाल्या. फेटे बांधणारा माणूस आधीपासून बोलावून ठेवलेला, त्यानं चौघांच्या डोक्याला फेटे बांधले. चेलोवाल्याचा फेटा डोळ्यांवर येत होता आणि तो बिचारा हसत होता, पाहुण्यानं हसावं तसं. मलाही शाल दिली. मी घेतली. मग साहेबांनी चाळीस मिनिटं भाषण केलं, की संगीताला भाषा नसते. आपल्या परदेश दौऱ्याचं सांगितलं, बायपासचं सांगितलं. भाषणाच्या मध्येच सिस्टर उठल्या, कागदाची घडी केली आणि मधल्या वाटेनं चालत दाराकडं आल्या. साहेब माइकवरून म्हणाले, माताजींना वाट द्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी वाजवल्या, देव जाणे. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. चौघांची निघायची वेळ टळून गेली होती. फेटे हातात घेऊन ते गाडीत बसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरकडं गेलो आणि तासभर शिव्या घातल्या. साहेबांना, मालकांना, बालाजीला, अख्ख्या गावाला. त्या तांदूळ निवडत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"दार कुणी उघडलं?"

मी ताटातला एक खडा उचलला.

"साहेबांना काय बोलू मी? त्यांला कुणी शिकिवलंच न्हाय. त्या बालाजीलाबी कळत न्हाय. तुम्हाला कळत व्हतं, सर."

मी चहाही न मागता उठून आलो. त्यांनीही बसा म्हटलं नाही.

त्यानंतर मी त्यांना नीट पाहिलं ते एकदाच. त्या भेटीनंतर आठवड्याभरात भाचा त्यांना सोलापूरला घेऊन गेला, आणि त्या परत आल्या नाहीत. कार्यक्रमाला पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या फोनवर पोलंडहून रेकॉर्डिंग आलं. चौघांनी आपल्या गावी जाऊन ती चीज पुन्हा वाजवली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चेलोवाल्यानं खाली लिहिलं होतं, 'सिस्टरसाठी. दार आतून बंद करून वाजवलं आहे.'

मी ते ऐकलं नाही. तसाच, पायात चपला सरकवून, सिस्टरच्या घराकडं पळालो. दार उघडं होतं. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, गज मांडीवर, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. त्या कुठं आहेत हे मला चांगलं ठाऊक होतं. वीस वर्षं बघत होतो मी ते. फार तर मिनिटभर थांबायचं होतं.

"सिस्टर," मी मोठ्यानं म्हणालो, "आलं बघा!"

ओठ थांबले. त्यांनी डोळे उघडले, रागावल्या नाहीत.

"सतरा घरं झाली व्हती," त्या म्हणाल्या.

मी फोन पुढं केला, काय आहे ते कसंबसं सांगितलं, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. मग सवयीनं खुर्ची ओढायला लागलो.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर व्हा."

मी बाहेर आलो. आतून कडी लागली. मग खिडकीही लागली. गल्लीत भाजीवाला ओरडत होता, हायवेवरून ट्रकांचे हॉर्न येत होते, आतलं काही ऐकू येत नव्हतं. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. समोरून मालक मोटरसायकलवर आले, मला बघून थांबले, आणि इंजिन चालूच ठेवून मोठ्यानं विचारायला लागले, काय सर, इथं का उभे, उन्हाचं?

मी त्यांच्या अंगावर गेलो, गाडीची किल्ली फिरवून काढून घेतली, आणि तोंडावर बोट ठेवलं.